कुकरी, अडकित्ता आणि संग्राहकाचे ऋण

वैद्यकीय व्यवसायातील माणसाला एखादा छंद असावा, याविषयी आता दुमत उरलेले नाही. दिवसभर इतरांच्या वेदनांचा हिशेब ठेवणाऱ्या मनाला संध्याकाळी टेकायला जागा हवी असते. आपल्या क्षेत्रात कोणी तिकिटे जमविली, कोणी नाणी, कोणी फाउंटन पेने, तर कोणी जुनी घड्याळे. हल्ली काहींच्या दिवाणखान्यात जुनी हत्यारे दिसू लागली आहेत, आणि त्यांतही हाताने घडविलेल्या कुकरीला मोठा मान आहे. या छंदाविषयी मला आदर आहे. मात्र तो ज्या रीतीने जोपासला जातो, त्या रीतीविषयी काही स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. छंद असावा की नसावा, हा प्रश्न मिटला आहे. छंदाने आपल्यावर कोणते ऋण येते, हा प्रश्न मात्र अजून कोणी नीट विचारलेला नाही.

मराठी माणसाची कुकरीशी पहिली ओळख होते ती बहुधा गुरख्यामुळे. रात्री काठी आपटीत, शिट्टी वाजवीत गल्लीतून फिरणारा गुरखा आणि त्याच्या कमरेची ती वाकडी म्यान, हे चित्र पुण्या-मुंबईपासून भोपाळ-इंदूरपर्यंत अनेकांच्या बालपणात आहे. दुसरी ओळख सैन्याची. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रज व नेपाळ यांच्यात युद्ध झाले. त्या युद्धात गुरख्यांचे शौर्य पाहून इंग्रजांनी त्यांना आपल्या सैन्यात घेतले. १९४७च्या त्रिपक्षीय करारानुसार दहा गुरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. यांतील बहुतेकांच्या चिन्हात कुकरी आहे. त्यामुळे कुकरी म्हणजे केवळ रणांगणावरचे शस्त्र, अशी समजूत रूढ झाली. म्यानाबाहेर काढलेली कुकरी रक्ताचा थेंब घेतल्याशिवाय परत जात नाही, ही दंतकथाही त्याच समजुतीची.

वस्तुस्थिती याहून साधी आणि म्हणूनच अधिक सुंदर आहे. नेपाळच्या डोंगरी घरात खुकुरी ही आपल्या विळी-कोयत्यासारखी रोजची वस्तू आहे. तिने लाकूड फोडतात, झुडपे तोडतात, भाजी चिरतात आणि बोकडही कापतात. दर वेळी रक्त मागणाऱ्या हत्याराने कोणाचा संसार चालला नसता. तिची रचना पाहावी. पाते पुढे वाकलेले आणि टोकाकडे रुंद, त्यामुळे भार पुढच्या भागात येतो आणि मनगटाच्या थोड्या फटक्यात घाव खोल बसतो. पाठ जाड, धार बारीक. पात्याच्या मुळाशी एक लहान खाच असते. तिच्याविषयी गाईच्या खुरापासून शिवाच्या त्रिशूळापर्यंत अनेक कथा सांगतात. म्यानेच्या मागच्या बाजूला दोन छोटी पाती खोचलेली असतात. एक बारीकसारीक कापण्याची 'कर्द', आणि दुसरी 'चकमक', म्हणजे धार लावण्यासाठी किंवा गारगोटीवर ठिणगी पाडण्यासाठी.

घडणीचे तंत्र तर आपल्यासारख्या शास्त्रशाखेच्या माणसाने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. आज बहुतेक चांगल्या कुकऱ्या मोटारीच्या किंवा ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून, म्हणजे कमानपट्ट्यांपासून घडवितात. त्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण ०.६ टक्के असते. तापवून, ठोकून आकार दिल्यावर लोहार ते पाते पुन्हा तापवितो आणि किटलीतून पाण्याची बारीक धार फक्त धारेच्या कडेवर सोडतो. कड झटकन थंड होऊन कठीण बनते. पाठ सावकाश थंड होते, म्हणून ती चिवट राहते. नुसती कठीण असती तर कुकरी घावासरशी तुटली असती आणि नुसती चिवट असती तर तिची धार टिकली नसती. एकाच पात्यात हे दोन विरोधी गुण नांदविण्याचे काम तो लोहार तापमापकाशिवाय, केवळ तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून करतो. एखाद्या निष्णात शल्यचिकित्सकाच्या बोटांना जे कळते आणि पुस्तकात लिहिता येत नाही, तसेच हे ज्ञान आहे.

संग्राहकांना ओढ असते ती प्रकारांची. 'सिरुपाते' ही सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी निमुळती. 'भोजपुरे' ही पूर्व नेपाळातील भोजपूरची, पोटाला रुंद. 'आँखोला' पाठीकडे पोखरून हलकी केलेली. 'चिरा' प्रकारात पात्यावर लांब खोबणी असतात. 'कोथीमोरा' हा सर्वांत मानाचा, म्यानेवर चांदीचे नक्षीकाम असलेला. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला पलटणीने निरोपाची भेट म्हणून द्यावा असा. लिलावात आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात याच प्रकारांना किंमत येते.

आता माझा मुद्दा. कोथीमोरा कुकरीवर बहुधा एक नाव कोरलेले असते. ते असते भेट घेणाऱ्या अधिकाऱ्याचे. क्वचित पलटणीचे आणि वर्षाचे. पाते घडविणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक वेळा नसते. नेपाळात पाते घडविणारा 'कामी' समाजातला, म्यानेवर चामडे चढविणारा 'सार्की' समाजातला आणि चांदीचे काम करणारा 'सुनार'. हे तिन्ही समाज तिथल्या जातिव्यवस्थेत अस्पृश्य गणले गेले. ज्याच्या हातची कुकरी देव्हाऱ्यात पूजेला चालत होती, त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते. नेपाळच्या १९६३च्या मुलुकी ऐनाने जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि २०११ साली अस्पृश्यतेला गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा झाला. कायद्याने जे दिले ते समाजाने पूर्णपणे दिले आहे, असे आजही कोणी म्हणणार नाही. अशा परिस्थितीत 'दुर्मिळ, हस्तनिर्मित' असे कौतुकाने म्हणत आपण वस्तू भिंतीवर टांगतो आणि तो हात कोणाचा होता हे विचारीत नाही, तेव्हा ती जुनी उपेक्षा आपण अजाणता पुढे चालवीत असतो.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे संग्रहालय असते. बरण्यांत ठेवलेल्या नमुन्यांचे मोल कशात असते? त्याला जोडलेल्या चिठ्ठीत. रुग्णाचे वय, लक्षणे, शस्त्रक्रिया, निदान. चिठ्ठी हरवली की तोच नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला निरुपयोगी मांसखंड ठरतो. नावाशिवायची काचपट्टी प्रयोगशाळेत कोणी स्वीकारीत नाही. जी शिस्त आपण व्यवसायात क्षणभर सोडीत नाही, ती छंदात का सोडावी? कोणी घडविले, कुठे, केव्हा, कोणाच्या घरातून आले, किती हात बदलले, हे लिहिलेले नसेल तर शंभर कुकऱ्यांची रास आणि भंगाराची रास यांत किमतीपलीकडे काही फरक राहत नाही.

या बाबतीत मराठी संग्राहकाला तर एक नैसर्गिक लाभ आहे. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या महालात साठविलेला नेपाळी सैन्याचा शस्त्रसाठा अमेरिकेतील दोन व्यापारी कंपन्यांनी विकत घेतला. त्यात हजारो बंदुकांबरोबर कुकऱ्याही होत्या, आणि तेथून त्या जगभरच्या संग्राहकांकडे गेल्या. अशा अनेक कुकऱ्यांच्या पाठीवर पलटणीची नावे आणि अंक कोरलेले आहेत, तेही देवनागरीत. युरोप-अमेरिकेतील संग्राहक ती अक्षरे वाचण्यासाठी दुभाषे शोधतात. आपल्याला ती सरळ वाचता येतात. ५, ८, ९ या अंकांचे नेपाळी वळण थोडे निराळे आहे, एवढेच लक्षात ठेवावे. 'श्री ५' हा मान राजाचा आणि 'श्री ३' हा राणा पंतप्रधानांचा. साल असेल तर ते विक्रम संवताचे. वैशाख ते डिसेंबर या काळासाठी त्यातून ५७ आणि पुढच्या महिन्यांसाठी ५६ वजा केले की इसवी सन मिळतो. प्रत्येक अंक साल नसतो, कित्येकदा तो शस्त्रागाराचा अनुक्रमांक असतो, हे भानही हवे. तेव्हा निव्वळ पैशाच्या बळावर नव्हे, तर वाचनाच्या बळावर संग्रह करण्याची संधी आपल्याला आहे.

बाजार मात्र दुसरीच वाट दाखवितो. 'जुने' ते महाग, म्हणून नव्या पात्याला आम्ल लावून गंज आणला जातो. 'चकचकीत' ते आकर्षक, म्हणून खऱ्या जुन्या पात्याला घासकागद मारून त्यावरील काळाची खूण आणि कोरलेली अक्षरे पुसली जातात. तुटकी मूठ बदलून नवी बसवितात आणि मूळ मूठ फेकून देतात. ज्याला एका ऊतीच्या रंगातला सूक्ष्म फरक कळतो, त्याने हे होऊ देऊ नये. जुन्या पात्याला घासू नये. पातळ यंत्रतेलाचा हात पुरे. चामड्याच्या म्यानेत ते कायमचे ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातील आम्लाने व दमटपणाने पाते गंजते. पाते वेगळे, म्यान शेजारी.

कायद्याचाही विचार करावा लागतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात आणि त्या यादीत कुकरीचा नावानिशी उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. परवाना लागतो की नाही हे त्या त्या भागातील अधिसूचनेवर अवलंबून असते, म्हणून संग्रह सुरू करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलाला 'आठवण' म्हणून जुने हत्यार सामानातून पाठविण्याची हौस म्हणूनच आवरावी.

संग्रह कसा करावा याचा धडा घ्यायला आपल्याला नेपाळात किंवा विलायतेत जाण्याची गरज नाही. तो पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. घरचा धंदा चष्म्यांचा, म्हणजे आपल्या क्षेत्राच्या शेजारचाच. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेमहाराजांची रत्ने त्यांनी शोधली नाहीत. त्यांनी शोधले दिवे, वज्री, कुलपे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे, आणि अर्थात अडकित्ते. त्यांचा अडकित्त्यांचा संग्रह पाहिला की कुकरीच्या संग्राहकाने थक्क व्हावे. तोही हाताने घडविलेला, दोन पात्यांचा लोखंडी वा पितळी अवजारच. सुपारी कातरण्याएवढेच ज्याचे काम, त्याला पोपटाचे, घोड्याचे, स्त्रीपुरुषाच्या जोडीचे रूप देणारा कारागीर कोणत्या आनंदात असेल, हे त्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर कळते.

केळकरांचा मुलगा राजा बालवयातच गेला. त्याच्या नावाने त्यांनी 'राजा केळकर संग्रहालय' उभे केले. पत्नी कमलाबाई या साऱ्यात त्यांच्या सोबत होत्या. १९६२ साली संग्रहालय आकाराला आले आणि १९७५ साली, हयातीतच, त्यांनी तो अवघा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या घरातील वस्तू! १९९० साली ते निवर्तले तेव्हा संग्रहाचे पुढे काय, हा प्रश्न कोणापुढे उरला नव्हता. जमविणे ही केळकरांची अर्धी थोरवी. वेळेवर सोडणे ही उरलेली अर्धी.

याच्या उलट उदाहरण आपल्या क्षेत्रातलेच आहे. बरोज वेलकम कंपनीचे नाव जुन्या डॉक्टरांना सांगायला नको. तिचे एक संस्थापक हेन्री वेलकम यांनी जगभर माणसे पाठवून वैद्यकाशी आणि मानवी जीवनाशी संबंधित दहा लाखांहून अधिक वस्तू जमविल्या. त्यांत शस्त्रेही विपुल होती. १९३६ साली ते वारले तेव्हा त्यातील कितीतरी पेट्या उघडल्याही नव्हत्या. पुढची कित्येक दशके तो साठा निरनिराळ्या संस्थांना वाटण्यात गेली. त्यांच्या वैद्यकीय वस्तूंचे पुढे चांगले जतन झाले हे खरे, पण एका माणसाला पाहताही येणार नाही एवढे जमविण्यात संग्रह आणि साठा यांची सीमा ओलांडली जाते, हेही तितकेच खरे. केळकरांजवळ पैसा कमी होता आणि दृष्टी अधिक. आपल्याला अनुकरण कोणाचे करायचे, हे आपण ठरवावे.

आणि आपल्या भोपाळचे काय? श्यामला टेकडीवर सुमारे दोनशे एकरांत पसरलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आपण पाहुण्यांना दाखवितो, स्वतः क्वचित पाहतो. सामान्य माणसाचे घर आणि त्याची अवजारे हीच संग्रहणीय, हा केळकरांचा विचार तिथे मोकळ्या आकाशाखाली मांडलेला दिसतो. याच प्रदेशात, मंडला, डिंडोरी, बालाघाट या भागांत, अगरिया समाज पिढ्यान्‌पिढ्या लाल दगडापासून कोळशाच्या छोट्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळीत असे. पायाने चालणारे भाते, लोहासुर-अग्यासुर ही दैवते, हे सारे व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले. वनांवरचे निर्बंध, भट्टीवरचा कर आणि कारखान्यातले स्वस्त लोखंड यांनी त्यांचा धंदा मोडला. आजही आपल्या रस्त्यांच्या कडेला गाडुलिया लोहार कुटुंबे ऐरण रोवून बसलेली दिसतात. पती लोखंड धरतो, पत्नी घण मारते. आपण मोटारीची काच वर करतो आणि घरी येऊन परक्या देशातील 'हस्तनिर्मित' पात्यासाठी हजारो रुपये मोजतो. या विसंगतीचा विचार व्हावा.

काही आक्षेप येतील. पहिला असा, की प्राण वाचविणाऱ्याने हत्यारे का जमवावीत? आपला सर्वांत जवळचा सोबतीही एक पातेच आहे. सुश्रुताने शंभरावर यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली, आणि ती घडविण्यासाठी कुशल लोहाराचीच गरज होती. पात्यात हिंसा नसते, ते धरणाऱ्या हातात असते. जखमांवर टाके घालणाऱ्याला हे कोणी शिकवायला नको. दुसरा आक्षेप, की ही श्रीमंतांची चैन आहे. दुर्मिळाच्या मागे लागले तर आहेच. परंतु नोंद ठेवायला वही आणि पेन पुरते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण नव्या वस्तू विकत घेतल्याने जुनी कला खरोखर जगेल का? सबंध कला जगेल असे वचन देता येत नाही. पण घासाघीस न करता योग्य मोल देऊन घेतलेले आणि ज्यावर घडविणाऱ्याने आपले नाव ठोकले आहे असे एक पाते, निनावी अशा दहा जुन्या पात्यांपेक्षा त्या कलेच्या अधिक उपयोगी पडते, एवढे निश्चित.

म्हणून माझी सूचना अगदी माफक आहे. आपल्या मंडळातील बहुतेक घरांत ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर किंवा कोकणातून आजीबरोबर आलेला अडकित्ता, पितळी नक्षीची विळी, आजोबांचा कोयता आहे. काही घरांत वडिलांच्या दवाखान्यातील काचेच्या सिरिंजा आणि पुन्हा पुन्हा धार लावून वापरलेली शस्त्रक्रियेची पाती आहेत. मुले दूरदेशी गेली, मोठी घरे विकून लहान सदनिका घेतल्या गेल्या, आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत यातले काही ना काही किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जाते. ते जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक पान लिहावे. वस्तूचे घरात रूढ असलेले नाव, लांबी, वजन, वरील खुणा, कोणी कुठून आणली, कोणी घडविली. कारागिराचे नाव ठाऊक नसेल तर 'नाव माहीत नाही' असेच प्रामाणिकपणे लिहावे. सोबत मोजपट्टी ठेवून काढलेली दोन छायाचित्रे जोडावीत. आपल्या मंडळाने ही पाने एकत्र करावीत आणि ज्या वस्तू घरात नको असतील त्या, नोंदीसह, एखाद्या संग्रहालयाला देऊ कराव्यात. ज्यांना कुकरीचा छंद आहे त्यांनीही हाच नमुना वापरावा आणि आपल्या पश्चात संग्रह कोणाकडे जाईल हे मृत्युपत्रात लिहून ठेवावे.

रुग्णाला आपण नाव विचारल्याशिवाय तपासत नाही. ज्याने आपल्यासाठी लोखंडाला धार दिली, त्याचेही नाव विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर छंदाचे ऋण थोडे तरी फिटेल. घरातल्या ज्येष्ठांना ते अडकित्ते कोणाकडून आले हे अजून आठवते. ते सांगणारे आपल्यात आहेत तोवर हे काम व्हावे, ही सर्व सभासदांना विनंती.